‘चांगली पानं आली की छोटी बेट लावा’ हा सल्ला महागात का पडतो

नो-लिमिट होल्डेम (पोकरचा, बेटला म्हणजे लावलेल्या रकमेला वरची मर्यादा नसलेला प्रकार) नव्यानं शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो : ‘चांगली पानं आली की छोटी बेट लावा. मोठी लावली की समोरचा पानं टाकून पळतो. छोटीत जोखीमही कमी. मोठी बेट ब्लफसाठी, म्हणजे कमकुवत पानांवर समोरच्याला घाबरवण्यासाठी, राखून ठेवा.’ ऐकायला हे पटतं आणि नवख्यांचे पैसे नेमके इथेच जातात.

आधी ‘समोरचा पळतो’ हे घेऊ. प्रत्येकाच्या हातात दोन पानं असतात; टेबलावर सर्वांसाठी आधी तीन पानं उघडतात (फ्लॉप), मग चौथं (टर्न), मग पाचवं (रिव्हर), आणि प्रत्येक टप्प्यानंतर बेटची फेरी होते. तुमच्याकडे इस्पिकचे एक्का-राजा आहेत. टेबलावर किल्वर राजा, बादाम अठ्ठी, बादाम पंजी आणि टर्नला चौकट तिर्री. पॉट, म्हणजे मधे जमलेली रक्कम, १०० चा. समोरच्याच्या हातात बादामची दोन पानं आहेत असं धरा. त्याचा फ्लश (एकाच रंगाची, इथे बादामची, पाच पानं) पुरा करणारी नऊ पानं गड्डीत उरलीत, म्हणजे रिव्हरला लागण्याची शक्यता साधारण २० टक्के. तुम्ही २५ लावलेत तर त्याला २५ भरून १५० च्या पॉटवर हक्क मिळतो. सहांत एकदा जिंकला तरी त्याचं भागतं, आणि तो तर पाचांत एकदा जिंकणार आहे. त्याचा कॉल (तेवढीच रक्कम भरून डावात राहणं) फायद्याचा तुम्हीच करून दिलात! ७५ लावलेत तर त्याला ३० टक्के शक्यता हवी. रिव्हरला त्याला आणखी थोडंफार मिळेल असं धरलं, तरी हा सौदा सहसा तोट्याचाच. आणि लोक तरीही कॉल करतात. राजाची जोडी हातात असलेला तर सहजासहजी पानं टाकतच नाही.

‘जोखीम कमी’ म्हणणारे पॉट कसा फुगतो हे विसरतात. फ्लॉपला पॉट १००, दोघांकडे १३०० चिप्स. समोरचा दर वेळी कॉल करतोय असं धरा. तिन्ही फेऱ्यांत अर्धा पॉट लावलात तर ५०, १००, २०० : एकूण ३५०. पूर्ण पॉट लावलात तर १००, ३००, ९०० : सगळे १३००. बेट दुप्पट, वसुली जवळपास चौपट. सेट (हातातल्या जोडीला टेबलावर तिसरं तसंच पान) लागलेला असताना हे ९५० सोडून देणं हाच खरा तोटा.

तिसरा मुद्दा सर्वांत घातक. मोठी बेट फक्त ब्लफला ठेवलीत तर जरा लक्ष देणारा खेळाडू तासाभरात तुमचा खेळ ओळखतो. शिवाय १०० च्या पॉटवर १०० चा निव्वळ ब्लफ निम्म्याहून जास्त वेळा चालावा लागतो; ५० चा असेल तर एक तृतीयांशाहून थोडा जास्त पुरतो. मोठ्या बेटमागे पक्की पानंही असतील तरच तिची भीती वाटते. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गच्या कॅसिनोत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या प्रोग्रॅमनं चार व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवलं. पॉटहून कितीतरी मोठी बेट तो पक्क्या पानांवरही लावायचा आणि ब्लफलाही.

छोट्या बेटलाही जागा आहेच. राजा, सत्ती, दुर्री अशा तीन वेगवेगळ्या रंगांच्या फ्लॉपवर फ्लशची वाट पाहणारं कुणी नसतं. फ्लॉपआधी रेज (बेट वाढवणं) तुमची असेल तर तिथे एक तृतीयांश पॉट छान चालतो. पण तो चांगल्या पानांवर आणि टेबलाशी न जुळलेल्या पानांवर सारखाच लावायचा. आकार ठरवताना बघायचं ते टेबलावरची पानं, उरलेल्या चिप्स आणि समोरचा कुठल्या पानांवर कॉल करेल ते. १०० च्या पॉटमागे ८० च चिप्स उरल्या असतील, तर चांगल्या पानांवर सरळ ऑल-इन जा, म्हणजे सगळ्या चिप्स लावा.