समुद्र डाव्या हाताला ठेवा
लेख छान आहे, पण ऑस्ट्रेलियातला समुद्रकाठचा ग्रेट ओशन रोड एका दिवसात उरकायचा त्यातला सल्ला मला मुळीच पटला नाही. टॉर्के ते अ‍ॅलन्सफर्ड हा २४३ किलोमीटरचा रस्ता वळणावळणांचा आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात, मारल्या गेलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ तो बांधला. कुदळ-फावड्यांनी कडे फोडून केलेल्या अशा रस्त्यावरून नुसतं सुसाट निघून जाववत तरी कसं?

टॉर्केकडून पश्चिमेला निघा. ऑस्ट्रेलियात गाडी डावीकडून चालते, त्यामुळे समुद्र आपल्याच बाजूला राहतो आणि दिसलेल्या थांब्यावर पटकन वळता येतं. दुपारनंतर मात्र ऊन थेट डोळ्यांवर येतं, म्हणून मोठा टप्पा सकाळीच आटपावा. मध्ये ऑटवेच्या जंगलात समुद्र दिसेनासा होतो. तिथले उंचच उंच नेचे बघायला तरी गाडीतून उतराच.

आणि ट्वेल्व्ह अपॉस्टल्सजवळ मुक्काम कराच. चुनखडीचे ते सुळके लाटांनी अजूनही झिजताहेत, त्यातला एक २००५ मध्ये कोसळलासुद्धा. भर दुपारी ते फिके दिसतात, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात खरा रंग चढतो. एका दिवसाच्या बेतात नेमकी तीच वेळ परतीच्या घाईत जाते.