पाठीराख्याला व्हीआरएस नसते

इतरांचे क्लब हरतात. आमचे बंद पडतात.

माझा भाचा डोंबिवलीत राहून लंडनच्या चेल्सी फुटबॉल क्लबचा पाठीराखा आहे. मध्यरात्री मॅच बघतो आणि सकाळी फास्ट लोकलच्या दांडीला धरून झोपतो. चेल्सी हरली की दोन दिवस जेवणावर राग काढतो. बहीण म्हणते, "दादा, जरा समजाव त्याला." मी काय समजावणार? त्याचा क्लब 1905 साली निघाला आणि अजून आहे. एवढं सुख पदरात असलेल्या माणसाला दुःख कळायचंच नाही.

हे दुखणं आमच्याकडे वडिलोपार्जित आहे. वडील फोर्टात नोकरीला. संध्याकाळी चर्चगेट गाठायचं सोडून वाट वाकडी करून कूपरेजच्या फुटबॉल मैदानात डोकवायचे, कधीकधी मलाही न्यायचे. 1891 पासून चालत आलेला रोव्हर्स कप तेव्हा तिथे रंगायचा. मुंबईत संघ म्हणजे कंपन्यांचे: टाटा, वेस्टर्न रेल्वे, एअर इंडिया, ओर्के मिल्स, मफतलाल. वडील मफतलालवाले. पुढे गिरण्यांना कुलपं लागली, गिरण्यांचे संघही गेले. रोव्हर्सनेही नव्या शतकात पाऊल टाकलं न टाकलं तोच राम म्हटला. वडिलांनी फुटबॉलचा विषय बंद केला आणि ते क्रिकेट बघू लागले. आईने देवापुढे साखर ठेवली.

मी मात्र महिंद्रा युनायटेडच्या नादी लागलो. लाल जर्सी, कंपनी जीपची म्हणून टोपणनाव 'जीपवाले'. कंपनी मोठी, पैसा भक्कम. वडिलांसारखी आपली फसगत व्हायची नाही, असा माझा व्यवहारी हिशोब होता. संघ तर उत्तमच. आघाडीला घानाचा याकुबू, उजवीकडून आपल्या मुंबईचाच स्टीव्हन डायस. फक्त प्रेक्षक नव्हते. कोलकात्याचे मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल आले की कूपरेज भरायचं, पण ते त्यांच्या माणसांनी. मुंबईत इतके बंगाली आहेत हे मला जनगणनेने नाही, बागानच्या गोलने कळलं. आमच्या बाजूला महिंद्राचे काही कर्मचारी, माहीम-वांद्र्याचे दोन-चार अंकल आणि मी. अंकल कोंकणीतून पंचाच्या घराण्याचा उद्धार करायचे. मला शब्द कळत नसत, पण भावना पोचायच्या.

2005-06 च्या मोसमात आम्ही राष्ट्रीय लीग जिंकलो. फेडरेशन कपही आमचाच. मी ऑफिसात पेढे नेले.

"मुलगा?" जोशीबाईंनी विचारलं.

"महिंद्रा जिंकली!"

शेजारच्या टेबलावरून लगेच मान वर. "काय सांगता! शेअर कितीवर गेला?"

वर्तमानपत्रात बातमी होती. आतल्या पानावर, लग्नाच्या जाहिरातींच्या वर, साधारण बोटभर. मी ती कापून ठेवली. पाठीमागे 'घटस्फोटित चालेल' असं छापलेलं असल्याने बायकोने ती जरा वेगळ्या नजरेने पाहिली.

2010 मध्ये कंपनीने संघ बंद केला. यापुढे शालेय फुटबॉलकडे लक्ष देणार, असं जाहीर झालं. हेतू चांगला होता, पण मला शाळा सोडून बराच काळ लोटला होता. खेळाडूंना दुसरे संघ मिळाले, प्रशिक्षकांना दुसऱ्या नोकऱ्या. पाठीराख्याला ना व्हीआरएस, ना ग्रॅच्युइटी, ना अनुभवाचा दाखला. लाल जर्सी चार-सहा महिने कपाटात राहिली. मग एका दिवाळीला मी घरी आलो तर बायको तिने पंखा पुसत होती. "सुती आहे हो," ती म्हणाली, "धूळ छान निघते."

तोवर मुंबई एफसी आली होती, 2007 पासून. प्रशिक्षक खालिद जमील, जे पूर्वी महिंद्राकडूनच खेळलेले. म्हणजे घरातलेच. या क्लबचा पाठीराखा होणं म्हणजे चषकाची स्वप्नं बघायची नाहीत, खालच्या पायरीवर घसरण टळली की घरी जाऊन शिरा करायचा. जमील यांनी वर्षानुवर्षं थोडक्या पैशांत संघ तरता ठेवला. आमचं गोल मारण्याकडे विशेष लक्ष नसे. गोल न होऊ देणं ही आमची साधना. शून्य-शून्यमध्येही एक सौंदर्य असतं, असं मी भाच्याला समजावू बघायचो. तो मोबाइल काढायचा.

2016 मध्ये जमील क्लबमधून गेले. पुढच्याच मोसमात त्यांनी मिझोरमच्या ऐझॉल क्लबला आय-लीग ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकून दिली, आणि त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला गेली. मग बंदच झाली. नशीब टोमणा मारतं तेव्हा गुणतक्ता सोबत जोडतं.

"आता कोणता?" बायकोने विचारलं.

"मुंबई सिटी."

"किती दिवस आहे?"

मुंबई सिटी म्हणजे आयएसएलचा, अर्थात इंडियन सुपर लीगचा झगमगाट. मालकांत रणबीर कपूर, मैदानावर कधी फ्रान्सचा अनेल्का तर कधी उरुग्वेचा फोर्लान. अंधेरीच्या स्टँडमध्ये निम्मी मंडळी चेंडूकडे बघत आणि निम्मी मालकाकडे. ऑफसाइड कुणाच्या लक्षातच यायचा नाही. पण संघ हळूहळू खरंच चांगला झाला. आणि शेवटी आम्ही लीगही जिंकलो, चषकही जिंकला. कधी? 2020-21 मध्ये. करोनात. सगळे सामने गोव्यात, मैदानात एकही प्रेक्षक नाही! आयुष्यभर मी रिकाम्या स्टँडमध्ये बसलो, आणि ज्या दिवशी स्टँड भरला असता त्या दिवशी आत यायला बंदी.

13 मार्च 2021. फातोर्ड्याला अंतिम सामना, समोर पुन्हा बागान, नाव आता एटीके मोहन बागान. 90 व्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला आणि मी जी आरोळी ठोकली, त्याने सोसायटीचे सेक्रेटरी दोन मास्क लावून दाराबाहेर उभे. "कोण गेलं?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"बागान!"

त्यांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सौ.नी डब्यात खिचडी पाठवली. आम्ही खाल्ली.

नंतर आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये ब्राझीलच्या नेमारचा क्लब, सौदीचा अल हिलाल, आमच्या गटात आला. म्हणजे नेमार भारतात येणार! सामना पुण्यात, बालेवाडीला. भाच्यानेसुद्धा चेल्सी बाजूला ठेवून माझ्याकडून तिकीट मागून घेतलं. ऑक्टोबर 2023 मध्ये नेमारचा गुडघा गेला. नोव्हेंबरमध्ये आम्ही एक्स्प्रेसवेने जाऊन 2-0 असे हरून आलो. घाटात ट्रॅफिक. भाचा खोपोलीपर्यंत एक शब्द बोलला नाही, मग म्हणाला, "मामा, तुमच्यात हे नेहमीचंच का?"

जुलै 2025 मध्ये बातमी आली की आयएसएलचा पुढचा मोसम स्थगित. करारावरून घोळ, स्पर्धा होणार की नाही कुणालाच पत्ता नाही. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तरुण पोरं रडकुंडीला आली. "काका, तुम्ही सीनियर. क्लब बंद पडला तर काय करायचं असतं?" या क्षेत्रात मला कुणी सीनियर म्हणेल असं वाटलं नव्हतं. मी चष्मा लावून मुद्देसूद उत्तर लिहायला घेतलं: तिकिटं प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, स्कार्फमध्ये डांबराच्या गोळ्या टाका, घरच्यांना लगेच काही सांगू नका.

तिसऱ्या सूचनेला उशीर झाला होता. टीव्ही स्वयंपाकघरातही ऐकू येतो.

"अहो," आतून आवाज आला, "ती निळी जर्सी फडक्याला घेऊ का? लाल पार विरलंय."

"थांब जरा," मी ओरडलो, "अजून अधिकृत पत्रक आलेलं नाही!"