सोडा ब्रेड ही पळवाट नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘यीस्टप्रेमी’ यांस,

आयरिश सोडा ब्रेडच्या, म्हणजे यीस्टऐवजी खायच्या सोड्याने फुगवलेल्या ब्रेडच्या, पाककृतीखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. चार ओळींत उत्तर देऊन मोकळी झाले असते, पण तुमचं एक वाक्य काही डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते आहे. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: तुमचा ब्रेड मध्ये गिच्च राहिला, त्याला सोड्याचा वास आला, मी मापं वाट्यांत दिली ते तुम्हाला पटलं नाही. आणि शेवटी हे: “यीस्टला वेळ द्यायचा धीर ज्यांच्यात नाही, त्यांची ही पळवाट आहे. हल्ली कोणीही उठून बेकिंग शिकवतं.”

मापांचं आधी सांगून टाकते. ग्रॅम द्यायला हवे होते, मान्य. वाटी घरोघरी वेगळी असते. पाककृतीत आजच बदल केला आहे: 450 ग्रॅम पीठ, सपाट एक छोटा चमचा खायचा सोडा, तेवढंच मीठ आणि 350 ते 400 मिली आंबट ताक. एवढी एक सूचना करायला नेहमीची साधी भाषा पुरली असती.

आता ‘कोणीही उठून’. नवऱ्याच्या औषध कंपनीतल्या नोकरीमुळे आम्ही बरीच वर्षं आयर्लंडमध्ये, कॉर्कला होतो. आमची घरमालकीण सत्तरीच्या पुढची होती आणि तिच्या घरात विकतचा पाव क्वचितच यायचा. हा ब्रेड मी तिच्या ओट्याशी उभी राहून शिकले. ती पिठात मधोमध खळगा करून सगळं ताक एकदम ओतायची, मग उजव्या हाताची बोटं फाकवून ताठ धरायची आणि भांड्याच्या कडेने गोल गोल फिरवायची. मळणं नाहीच. पीठ एकत्र आलं की ओट्यावर घेऊन हलक्या हाताने गोळा नीट करायचा, बस. दुसरा हात तिने कोरडा ठेवलेला असायचा, भट्टीचं दार उघडायला. सुरीने वर अधिकचिन्हासारखी खोल चीर द्यायची आणि चारही भागांत सुरीचं टोक टोचायची, पऱ्या बाहेर जाव्यात म्हणून. आयर्लंडमध्ये ही समजूत अजून सांगतात. चीर मात्र पऱ्यांसाठी नाही, गोळ्याच्या जाड मध्यापर्यंत उष्णता पोचावी म्हणून असते. हे मला कुठल्या व्हिडिओने सांगितलेलं नाही. मी तिच्या हाताखाली ब्रेड बिघडवत, तिचं बोलणं खात शिकले आहे. त्यामुळे ‘कोणीही’ या शब्दात मला बसवण्याआधी तुम्ही निदान विचारायचं होतंत.

आणि पळवाट? ज्या देशाचा हा ब्रेड आहे त्या देशाचा गहू कसा आहे, हे तुम्ही बघितलंत का? आयर्लंडची हवा दमट आणि सौम्य. तिथे पिकणारा गहू मऊ असतो, त्यात प्रथिनं कमी, म्हणजे ग्लुटेन कमी. यीस्टचा ब्रेड फुगायला, यीस्टने सोडलेला वायू तासन्‌तास धरून ठेवायला चिवट ग्लुटेन लागतं. ते या पिठात पुरेसं नाही. 1830-40 च्या सुमारास खायचा सोडा तिथल्या स्वयंपाकघरांत पोचला आणि त्या मऊ पिठाला जोडीदार मिळाला. लोणी घरोघरी काढलं जात होतं, त्यामुळे आंबट ताक होतंच. ताकातलं लॅक्टिक आम्ल आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तोच ब्रेड फुगवतो. गावाकडच्या अनेक घरांत भट्टीच नव्हती. पीटच्या (दलदलीतून खणून वाळवलेल्या, मातीसारख्या इंधनाच्या) विस्तवावर तीन पायांचं जाड बिडाचं झाकणाचं भांडं ठेवायचं, झाकणावरही निखारे घालायचे आणि त्यात ब्रेड भाजायचा. त्या भांड्याला बॅस्टिबल म्हणतात. उत्तर आयर्लंडमध्ये तर हेच पीठ गोल थापून, त्याचे चार तुकडे करून चक्क तव्यावर भाजतात. त्या तुकड्यांना फर्ल म्हणतात आणि ते तिथल्या न्याहारीत अंडी आणि बेकनबरोबर आजही असतात.

माझी आजी कोकणात तवसळी करायची, तेव्हा पातेल्याच्या खालीही निखारे आणि झाकणावरही निखारे. सीकेपी घरांत निनाव असंच व्हायचं. त्या बायकांना कोणी अधीर म्हणालं असतं का? ज्याच्याकडे जे पीठ, जी चूल आणि जो दिवस असतो, त्यातून माणूस पोटभर आणि चवीचं काढतो. आयरिश बाईने तेच केलं. गरिबीतून आणि हवामानातून घडलेल्या अन्नाला कोणी आळस म्हटलं की मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

धीराबद्दल बोलायचं तर यीस्टचं पीठ तुम्हाला माफ करतं. दहा मिनिटं जास्त मळलं, अर्धा तास जास्त झाकून ठेवलं, तरी सहसा निभावतं. सोड्याच्या पिठाला ही सवलत नाही. ताक पडताक्षणी वायू सुटायला लागतो, तो थांबत नाही. फोन आला, कुकरची शिट्टी झाली, दाराशी कोणी आलं, तरी गोळा आधी भट्टीत जायला हवा. त्यासाठी भट्टी आधी तापलेली, ताट तयार, सोडा दोनदा चाळलेला, ताक मोजून ठेवलेलं असावं लागतं. नुसता कमी वेळ लागतो म्हणून काम सोपं होत नाही. आणि पोळीसाठी कणीक तिंबायची सवय लागलेल्या आपल्या हातांना ‘आता थांब’ हे शिकवणं तर फार अवघड. माझ्या बेकिंगच्या वर्गात येणाऱ्या बायका इथेच अडतात. चांगल्या मऊसूत पोळ्या करणाऱ्या बायका. दोन हात जास्त फिरवले की ब्रेड दगड.

मला यीस्ट जमत नाही, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? आमच्याकडे लादीपाव घरी होतो. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सावकाश फुगवलेला मैद्याचा ब्रेडही होतो. दोन्ही मला आवडतात. सोडा ब्रेड मी करते तो वेगळ्या चवीसाठी: जाडसर कुरकुरीत साल, आत ओलसर, किंचित आंबट गर, वर लोण्याचा जाड थर. ही चव यीस्टने येत नाही, आणि यीस्टची चव सोड्याने येत नाही.

स्कोनच्या (बेकिंग पावडरने फुगवलेल्या छोट्या गोल पावांच्या) पोस्टवरही तुम्ही ‘तोच प्रकार’ असं लिहिलं आहे. तेव्हा बेकिंग पावडरबद्दलही ऐका. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने 1843 मध्ये बेकिंग पावडर बनवली, ती त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं म्हणून. कस्टर्ड पावडरही त्याचीच, बायकोला अंडं चालत नव्हतं म्हणून. एका आजारी बाईला ब्रेड खाता यावा म्हणून केलेल्या खटपटीला तुम्ही पळवाट म्हणणार असाल, तर आपलं जमणं कठीण आहे. स्कोनमध्ये थंडगार लोण्याचे बारीक तुकडे पिठात विरघळू न देता चोळायचे असतात, साचा सरळ खाली दाबून सरळ वर उचलायचा असतो. तो पिळला तर कड दबते आणि स्कोन एका बाजूला कलंडतो. हे सगळं घाईत होत नाही. करून बघा.

राहिलं सोड्याचा वास आणि मधला गिच्चपणा. वास येतो तो ताक गोडं असल्यामुळे किंवा चमचा शिगोशीग भरल्यामुळे. आम्ल कमी पडलं की उरलेला सोडा भट्टीच्या उष्णतेने वॉशिंग सोड्यात बदलतो आणि साबणासारखी चव देतो. ताजं दही पाण्यात घुसळून चालत नाही, ताक दोन दिवसांचं, दाट आणि चांगलं आंबट हवं. हे मी पाककृतीत लिहिलं होतं. आपल्या चक्कीची कणीक ओलावा जास्त ओढते, म्हणून ताक सगळं एकदम न ओतता थोडं मागे ठेवा, हेही लिहिलं होतं. माझ्या घरमालकिणीच्या पिठाला ते लागत नव्हतं, आपल्या पिठाला लागतं. गिच्च राहिला असेल तर तुमचा ओटीजी पुरेसा तापला नसेल किंवा चीर वरवरची असेल. 230 अंशांवर 15 मिनिटं, मग 200 वर अर्धा तास, आणि बाहेर काढून उलटा करून बुडावर बोटाने टकटक करायची. पोकळ आवाज आला की झाला. माझा गिच्च राहत नाही, वर्गातल्या बायकांचाही राहत नाही. तुमच्या ओव्हनबद्दल मी इथे बसून यापेक्षा जास्त काय सांगू?

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणार नाही. सोड्याला नावं ठेवा, वाट्यांना ठेवा, माझ्या पाककृतीतल्या उणिवा दाखवा, मी उत्तर देईन. पण ‘कोणीही उठून’ हे शब्द तुम्ही मागे घ्यावेत, अशी माझी अपेक्षा आहे.