पर्यटकावाचून पर्यटननगरी

आपल्या शहराला पर्यटननगरी म्हणून नावारूपाला आणण्याची जबाबदारी आपल्यावर सोपवण्यात आली असेल, तर प्रथम आपले अभिनंदन, कारण नागपुरात इतके निर्धोक काम दुसरे नाही. रस्ता केला तर पहिल्या पावसात त्याचा हिशोब होतो, नळ जोडला तर पाणी आले की नाही हे बाईमाणसाला सकाळी सहा वाजताच कळते. पर्यटननगरी मात्र वर्तमानपत्रात होते, वर्तमानपत्रातच नांदते आणि तिची तपासणी करायला कोणी दारात येऊन उभे राहत नाही. तेव्हा निर्धास्त असावे. फक्त एक पथ्य कसोशीने पाळावे, ते म्हणजे पर्यटकाच्या नादी लागू नये. या सगळ्या उद्योगात पर्यटक हाच अडचणीचा घटक आहे. तो आला की त्याला स्वच्छतागृह लागते, मीटरप्रमाणे चालणारी ऑटोरिक्षा लागते आणि सोमवारी काय उघडे असते, असले प्रश्न तो विचारतो.

कामाची सुरुवात पुरवणीपासून करावी. आपण जी रंगीत आठ पानी पुरवणी काढवून घ्याल, ती शहर आवृत्तीबरोबर निघेल आणि मानेवाड्यात, महालात, प्रतापनगरात, फार तर कामठीपर्यंत वाचली जाईल. म्हणजे नागपूर किती प्रेक्षणीय आहे, हे नागपूरकरांना सविस्तर समजेल. एखादा नवखा अधिकारी बैठकीत विचारील की ज्यांनी यावे असे वाटते ती कुटुंबे कोलकात्यात किंवा सुरतेत राहतात, तर जाहिरात तिथल्या वृत्तपत्रात का देऊ नये. त्याला प्रेमाने बाजूला घ्यावे. कोलकात्याच्या वृत्तपत्रात छापलेला आपला फोटो मंत्रिमहोदयांच्या पाहण्यात येणार आहे का? महापालिकेत ज्यांच्या सहीवाचून फाईल पुढे सरकत नाही, ते बंगाली वाचतात का? जाहिरात कोणी पाहावी हे ठरवताना पत्ता नेहमी वरचा घालावा. पर्यटकाला ती चुकून दिसलीच, तर तो त्याच्या नशिबाचा भाग.

पुरवणीचा मजकूर कोणी लिहावा, याची चिंता करू नये. आपल्याकडची प्रेसनोट टिळक पत्रकार भवनातल्या पत्रपरिषदेत चहा-समोशाबरोबर वाटली की मजकूर तयार होतो, आणि त्याचे शीर्षक तर बहुधा आधीच जुळवून ठेवलेले असते, ‘नागपूर पर्यटनाच्या जागतिक नकाशावर’. गेल्या वर्षीही ते नकाशावर आले होते, त्याच्या आदल्या वर्षीही आले होते. पण नकाशावरून ते मधल्या काळात कधी खाली उतरले, असे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. दर ठरतो तो कॉलम सेंटीमीटरच्या हिशोबाने, आणि वर्षभराचा करार केला तर सवलत मिळते. कोपऱ्यात ‘प्रायोजित’ हा शब्द घालावाच लागला, तर तो इतक्या बारीक टाइपात घालावा की चष्म्याचा नंबर बदलल्याशिवाय वाचता येऊ नये. महाराष्ट्रातल्या 2009 च्या विधानसभा निवडणुकीनंतर पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा मोठा गवगवा झाला, आणि भारतीय वृत्तपत्र परिषदेने 2010 मध्ये त्यावर अहवालही दिला. आपण घाबरण्याचे कारण नाही. उमेदवाराच्या बाबतीत ज्याची लाज वाटते, तेच शहराच्या बाबतीत केले की त्याला ब्रँडिंग म्हणतात.

या कराराचा खरा लाभ मात्र पुरवणीच्या आठ पानांत शोधू नये. तो रोजच्या अंकात असतो. कोणी कोणाला फोन करत नाही, कोणी कोणाला धमकावत नाही. असले प्रकार जुन्या चित्रपटांत शोभतात. प्रत्यक्षात असे घडते की, मोहीम सुरू असलेल्या पंधरवड्यात तुंबलेल्या गटाराची बातमी पहिल्या पानावरून पाचव्या पानावर सरकते, तिच्यातला ‘निष्काळजीपणा’ जाऊन ‘तांत्रिक अडचण’ येते, आणि ज्या बातमीदाराने ती आणली त्याला तलावांच्या सौंदर्यीकरणावर सचित्र लेख लिहिण्याचे काम मिळते. डेस्कवर बसलेल्या माणसाला जाहिरात विभागाचा महिन्याचा आकडा कोणी सांगत नाही, आणि तरीही तो त्याला ठाऊक असतो. आपण हे समजून घ्यावे, पण कुठे बोलून दाखवू नये. सभ्यतेने चाललेल्या व्यवहारात बोलणे हाच काय तो असभ्यपणा.

आता महोत्सवांकडे वळावे, कारण खरी कला तिथे आहे. महोत्सव भरवण्यासाठी निमित्त लागत नाही, मैदान लागते, आणि मैदानांच्या बाबतीत नागपूर भाग्यवान आहे. रेशीमबाग आहे, कस्तुरचंद पार्क आहे, आणि थंडी-पावसाची भीती वाटली तर सुरेश भट सभागृह आहे. आयोजक म्हणून एखादे वृत्तपत्र किंवा वाहिनी पुढे येते. त्यांच्या महोत्सवाला आपली संस्था ‘मुख्य प्रायोजक’ होते. आपली कामे घेणारे कंत्राटदार स्वयंस्फूर्तीने ‘सहप्रायोजक’ होतात. समारोपाच्या दिवशी तेच वृत्तपत्र आपल्या शहराला, म्हणजे पर्यायाने आपल्यालाच, पर्यटनातील उल्लेखनीय कामगिरीचा पुरस्कार देते; दुसऱ्या दिवशी तेच कंत्राटदार त्याच वृत्तपत्रात आपल्या अभिनंदनाच्या जाहिराती देतात; आणि तिसऱ्या दिवशी या जाहिरातींची कात्रणे जोडून पुढच्या वर्षीच्या तरतुदीचा प्रस्ताव जातो. पैसा करदात्याच्या खिशातून निघून सन्मानाने एवढी प्रदक्षिणा घालतो, आणि या साऱ्यात बाहेरगावचा एकही माणूस इतवारी स्थानकावर उतरावा लागत नाही.

पासांविषयी विशेष दक्षता घ्यावी. मुंबईहून गायक येणार असे जाहीर झाले की कार्यक्रम सर्वांसाठी खुला आहे असे छापावे, आणि मग प्रवेश केवळ पासावर ठेवावा. पास फुकट असतो, म्हणूनच तो अमूल्य असतो. “भाऊ, दोन पास पाह्यजे होते,” असे ज्याला दिवसातून चाळीस माणसे म्हणतात, तो या शहरात मोठा माणूस, आणि निवडणुकीच्या आधीच्या हिवाळ्यात तर त्याची उंची डोळ्यांत भरण्याइतकी वाढते. पुढच्या तीन रांगांत पांढरे आच्छादन घातलेले सोफे ठेवावेत, त्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावाव्यात आणि गायकाचे दुसरे गाणे संपेपर्यंत ते रिकामे राहतील याची खात्री करावी. मागच्या लोकांना पडद्यावर दिसतेच.

महोत्सव संत्र्याचा असेल, तर तो डिसेंबरात घ्यावा; आंबिया बहाराचे फळ बाजारात असते आणि हवाही चांगली असते. संत्र्याचा पुतळा करावा, संत्र्याच्या पोशाखात नर्तक नाचवावेत, सर्वांना बर्फी वाटावी आणि नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे प्रत्येक वक्त्याकडून वदवून घ्यावे. एकच खबरदारी घ्यावी: काटोल-नरखेडच्या किंवा वरूड-मोर्शीच्या बागायतदाराला माईक देऊ नये. तो बांगलादेशाने वाढवत नेलेल्या आयातशुल्काविषयी बोलेल, गळालेल्या फळाविषयी बोलेल, झाडांवरच्या कोळशी रोगाविषयी बोलेल, आणि सोफ्यावरच्या पाहुण्यांचा मूड जाईल. त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा व तो बोलण्याच्या आत राष्ट्रगीत लावावे.

वाघाचे गणित सोपे आहे. वाघ चंद्रपूर जिल्ह्यात ताडोब्यात असो, भंडाऱ्याच्या बाजूला असो की मध्य प्रदेशात कान्हात असो, त्याचा पत्ता नागपूर असाच द्यावा. वाघ खुलासा छापायला सांगत नाही. सोनेगावच्या विमानतळावर उतरलेला माणूस वर्धा रोडला लागून, किंवा शहराला वळसा घालून जबलपूरच्या रस्त्याने, दोन-तीन तासांत जंगलाच्या फाटकाशी पोहोचतो, आणि त्याला दिसलेले नागपूर म्हणजे मेट्रोचे खांब व फ्लेक्सवरचे आपले हसरे चेहरे. तरीही त्याला मोजताना नागपूरचा पर्यटक म्हणूनच मोजावे. खुद्द नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाने 2024 मध्ये भारतातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून नाव मिळवले, ते तिथे रात्री अंधार असतो आणि तारे दिसतात म्हणून. यातून आपण भलताच बोध घेऊ नये. अंधाराचे कंत्राट निघत नाही. आपण रोषणाईच करावी, जशी 2023 च्या मार्चमध्ये सी-20 च्या, म्हणजे जी-20 मधल्या नागरी संस्थांच्या गटाच्या, बैठकीसाठी परदेशी पाहुणे आले तेव्हा केली होती, आणि ती ज्या रस्त्याने पाहुणे जातील त्याच रस्त्याची करावी. शेजारच्या गल्लीतल्या माणसाला चालत येऊन ती पाहता येते.

इतिहासाला मात्र पुरवणीत अर्ध्या पानाच्या वर जागा देऊ नये. सीताबर्डीच्या टेकडीवर 1817 ची लढाई झाली हे खरे, पण तिथला किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि सामान्य माणसासाठी 26 जानेवारी, 1 मे व 15 ऑगस्ट असे मोजके दिवस उघडतो. एरवी तो खालून पाहावा. इंग्रजांच्या काळातल्या झिरो माईल या स्तंभाची गोष्ट त्याहून नाजूक. चार घोडे आणि खांब छायाचित्रात चांगले येतात, पण तिथल्या दगडावर हैदराबाद, चंदा, जबलपूर, सिवनी किती मैलांवर आहेत एवढेच कोरलेले आहे, म्हणजे नागपुरातल्या सर्वांत प्रसिद्ध दगडाने प्रवाशाला इथून दुसरीकडे कसे जावे हेच सांगून ठेवले आहे. छायाचित्र थोडे वरून कापावे.

फुटाळा तलावातल्या संगीतमय कारंज्यापासून मात्र खूप शिकण्यासारखे आहे. त्याचे चाचणी प्रयोग 2022 मध्ये झाले, त्यांना तुडुंब गर्दी लोटली, पाने भरभरून छापून आले, आणि पुढे प्रकरण न्यायालयांच्या पायऱ्या चढत राहिले. चाचणी हा समारंभाचा सर्वोत्तम प्रकार आहे. तिच्यात सगळी वाहवा होते आणि दुसऱ्या दिवशी खेळ किती वाजता, हे सांगण्याचे बंधन नसते.

आता आकडेवारी, आणि इथे आपली खरी परीक्षा आहे. दरवर्षी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो माणसे येतात. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या भूमीवर आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, तिथे ती रेल्वेने, एसटीने, ट्रकने, स्वतःच्या खर्चाने येतात. त्यांना कोणी पुरवणीतून बोलावलेले नसते, कोणी पास दिलेला नसतो, कोणी सेलिब्रिटी आणलेला नसतो. रस्त्याच्या कडेला झोपतात, स्वयंसेवी मंडळांनी दिलेले जेवण जेवतात आणि जाताना पुस्तके विकत घेऊन जातात. जगाच्या कुठल्याही पर्यटन खात्याने आयुष्यभर धन्यता मानावी, एवढी ही गर्दी आहे. पण आपण त्यांना पर्यटक म्हणू नये. ते तारांकित हॉटेलात उतरत नाहीत, सफारी करत नाहीत आणि त्यांचे छायाचित्र माहितीपत्रकाच्या रंगसंगतीत बसत नाही. त्यांच्यासाठी पाण्याच्या टाक्या व फिरती शौचालये या सदराखाली खर्च दाखवावा आणि दुसऱ्या दिवशी किती टन कचरा उचलला, याची प्रेसनोट काढावी. महोत्सवाला आलेल्या नागपूरकरांना मात्र पर्यटक म्हणून मोजावे; खामल्याहून रेशीमबागेपर्यंत येणे हाही प्रवासच आहे. हिवाळी अधिवेशनाला येणारे आमदार, त्यांचे सचिव, त्यांचे कार्यकर्ते आणि कार्यकर्त्यांचे मेव्हणे यांचीही भर घालता येईल. 1953 च्या नागपूर कराराने आपल्याला हा हंगाम कायमचा लावून दिला आहे, आणि खोल्या भरलेल्या असतात एवढे तर कोणीही नाकारणार नाही.

रील करणाऱ्या मुलांविषयी फार लिहीत नाही. त्यांना तर्री पोहे खाऊ घालावेत, सावजीचा रस्सा खाऊन डोळ्यांत पाणी आल्याचे चित्रण करून घ्यावे, आणि पैसे मिळाल्याचा उल्लेख त्यांनी करावा अशी जी नियमावली आहे, ती वृत्तपत्रांसारखीच बारीक टाइपात पाळावी.

कधीकधी शहराची प्रसिद्धी आपल्याला न विचारता होते, त्याला इलाज नाही. 30 मे 2024 रोजी इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश तापमान नोंदवले, आणि देशभरच्या माध्यमांत नागपूर झळकले. एक रुपया न देता, एकही कॉलम सेंटीमीटर विकत न घेता. पुढे हवामान खात्याने संवेदक नादुरुस्त असल्याचे सांगितले, पण तो खुलासा किती जणांनी वाचला? आपल्या पुरवण्यांची इतकी वर्षे जी पोच झाली नाही, ती एका बिघडलेल्या यंत्राने एका दुपारीत मिळवली, हे संबंधित बैठकीत काढू नये. काढलेच, तर यंत्र दुरुस्त करण्याऐवजी त्याचे प्रायोजकत्व घेण्याचा ठराव कोणीतरी मांडेल.

शेवटचे राहिले ते मारबतीचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या नागपुरातून निघणारी काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे, आणि असे काही दुसऱ्या गावात सहसा पाहायला मिळत नाही, त्यामुळे तिला हाताशी धरण्याचा मोह आपल्याला होईल. ‘मारबत महोत्सव, सौजन्य अमुक’ अशी कमान डोळ्यांपुढे येईल. पण आधी एकदा मिरवणुकीतले बडगे नीट पाहून घ्यावेत. वर्षभरात ज्याने ज्याने लोकांना छळले, त्याचा पुतळा करून, त्याच्या गळ्यात पाटी अडकवून, “ईडा पीडा घेऊन जा गे मारबत” असे ओरडत ही माणसे त्याला गावाबाहेर नेऊन जाळतात, आणि पाटीवर कोणाचे नाव लिहावे हे ती प्रायोजकाला विचारत नाहीत. तेव्हा त्या दिवशी आपण कुटुंबासह शहराबाहेर असलेले बरे. पावसाळ्यात पेंचचा गाभा बंद असतो, वाघ दिसण्याची शक्यता नसते, पण खोली मिळायला मुळीच अडचण पडत नाही.