‘आमची काही हरकत नाही, पण...’

समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता मिळाल्याची बातमी एखाद्या देशातून आली की पुढचे दोन-तीन दिवस प्रतिक्रियांचा जो पूर येतो, तो मी गेली दहा-बारा वर्षे बारकाईने वाचत आले आहे. अभिनंदन करणारे आणि शिव्या घालणारे लगेच ओळखू येतात; त्यांच्याविषयी मला फारसे काही म्हणायचे नाही. मला लिहायचे आहे ते तिसऱ्या प्रकाराविषयी, ज्याची सुरुवात ‘आमची काही हरकत नाही, पण’ अशी होते. एके काळी मी स्वतः त्याच गटात होते, आणि त्या ‘पण’पुढे मी जे लिहिले होते ते आज आठवले तरी ओशाळायला होते.

माझे म्हणणे असे होते की त्यांना सुखाने एकत्र राहू द्यावे, मालमत्तेचे आणि वारशाचे हक्कही द्यावेत, फक्त त्याला ‘विवाह’ म्हणू नये. दुसरे काहीतरी नाव शोधावे. वरवर पाहता हा समजूतदार तोडगा वाटतो, आणि काही देशांनी तो करूनही पाहिला. फ्रान्सने १९९९ मध्ये ‘पॅक्स’ नावाचा नागरी करार आणला, तो मुख्यतः समलिंगी जोडप्यांची सोय डोळ्यांसमोर ठेवून. पुढे झाले असे की हा करार लग्नापेक्षा करायलाही सोपा आणि मोडायलाही सोपा असल्यामुळे तो करणाऱ्यांत बहुसंख्य जोडपी स्त्री-पुरुषांचीच निघाली. ब्रिटनमध्येही जवळपास तेच घडले. तिथे २००४ च्या कायद्याने समलिंगी जोडप्यांसाठी ‘नागरी भागीदारी’ निर्माण झाली. नंतर त्यांना विवाहही खुला झाला, तेव्हा एक स्त्री-पुरुष जोडपे ‘आम्हाला लग्न नको, ती भागीदारीच हवी’ म्हणून न्यायालयात गेले, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकले, आणि २०१९ च्या अखेरीस इंग्लंड आणि वेल्समध्ये ती सोय सर्वांना मिळाली. ज्यांच्यासाठी वेगळी पंगत मांडली ते उठून मुख्य पंगतीत गेले आणि मुख्य पंगतीतले इकडे येऊन बसले, असा हा प्रकार. मला त्यात गंमत वाटते, पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते: निवड करता येणे हाच तर हक्क होता, आणि आम्ही ‘पण’वाले नेमका तोच राखून ठेवत होतो.

शब्दाला एवढे महत्त्व कशासाठी, असे विचारणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातले एक वाक्य पाहावे. तिथे २००४ मध्ये विवाह कायद्यात दुरुस्ती करून विवाह म्हणजे ‘एक पुरुष आणि एक स्त्री’ यांचे मीलन, अशी व्याख्या घालण्यात आली, आणि नागरी विवाह लावणाऱ्या अधिकाऱ्याला ती प्रत्येक समारंभात मोठ्याने म्हणावी लागे. म्हणजे एखादी मुलगी आपल्या भावाच्या लग्नात नटूनथटून पहिल्या रांगेत बसलेली असताना, तिची जोडीदार शेजारी असताना, कायदा त्या मंगल क्षणी तिला ऐकवून जाई की हे तुझ्यासाठी नाही. ही व्याख्या तेरा वर्षे टिकली. काही नवरा-नवरी ते वाक्य म्हणून झाल्यावर ‘हे आम्हाला मान्य नाही’ असे मुद्दाम सांगायला लावत. डिसेंबर २०१७ मध्ये कायदा बदलला आणि त्या जागी ‘दोन व्यक्ती’ असे शब्द आले. बदल एवढाच. समारंभ पूर्वीसारखेच चालतात.

मात्र तो बदल होण्याआधी तिथल्या सरकारने लोकांचे मत टपालाने मागवले होते, आणि या पद्धतीविषयी माझा राग अजून गेलेला नाही. संसद स्वतः कायदा बदलू शकत होती, जनमताचा कौल तिच्यावर बंधनकारकही नव्हता, तरी साऱ्या देशाला विचारण्यात आले की या लोकांना लग्न करू द्यायचे का. जवळपास ८० टक्के लोकांनी उत्तर पाठवले, त्यांपैकी ६१.६ टक्क्यांनी होकार दिला, रस्तोरस्ती लोक नाचले, आणि बातम्यांत आनंदाश्रूच दिसले. पण नकार देणारेही सुमारे ४९ लाख होते. प्रश्न गणिताचा नाही. त्या दोन-अडीच महिन्यांत ज्यांच्या आयुष्याविषयी शेजारीपाजारी मत नोंदवत होते, त्यांनी निकालानंतर जिन्यात भेटणाऱ्या दर पाच माणसांपैकी कोणत्या दोघांनी ‘नाही’वर खूण केली असेल, याचा विचार कसा थांबवायचा? माझे लग्न कुणाच्या मतपत्रिकेवर चढले नव्हते.

आयर्लंडची गोष्ट थोडी वेगळी आहे, हे मान्य करायला हवे. तिथे संविधान दुरुस्त करायचे तर सार्वमत घ्यावेच लागते. १९९३ पर्यंत समलिंगी पुरुषांचे संबंध ज्या देशात गुन्हा होते, त्याच देशाने २२ मे २०१५ रोजी ६२ टक्क्यांनी विवाहाच्या बाजूने कौल दिला, आणि परदेशी स्थायिक झालेली तरुण मुले टपालाने मत देण्याची सोय नसल्यामुळे विमानांनी आणि बोटींनी केवळ त्या एका मतासाठी घरी आली. ती दृश्ये पाहून मीही रडले होते. तरीसुद्धा एखाद्याच्या घराला घर म्हणायचे की नाही हे ठरवायला इतक्या लोकांना समुद्र ओलांडून यावे लागावे, यात काहीतरी चुकते आहे असे तेव्हाही मनात आले होते.

कायदा झाल्यानंतर लोक कसे वागतात, याकडे मात्र प्रतिक्रिया देणारे क्वचितच वळून पाहतात. नेदरलँड्सने १ एप्रिल २००१ रोजी जगात प्रथम ही मान्यता अमलात आणली, तेव्हा मध्यरात्री अ‍ॅमस्टरडॅमच्या महापौरांनी, योब कोहेन यांनी, स्वतः चार जोडप्यांचे विवाह लावले. आज तिथे अशा विवाहाची बातमी होत नाही. स्पेनचे उदाहरण तर मला फार आवडते. २००५ मध्ये तिथे कायदा झाला तेव्हा मारियानो राहॉय यांच्या नेतृत्वाखालील विरोधी पक्षाने त्याला थेट संविधान न्यायालयात आव्हान दिले. २०१२ मध्ये ते फेटाळले गेले, तोवर राहॉय पंतप्रधान झाले होते, आणि २०१५ मध्ये आपल्याच पक्षातील एका नेत्याने आपल्या पुरुष जोडीदाराशी लग्न केले, त्या समारंभाला ते पाहुणे म्हणून हजर होते. त्यांच्या मनात काय होते हे तेच जाणोत. मला त्या हजेरीतच बरेच काही दिसते.

तैवानमध्ये नोव्हेंबर २०१८ च्या सार्वमतात लोकांनी मोठ्या बहुमताने विरोध नोंदवला होता. पण संविधान न्यायालयाने २०१७ मध्येच दोन वर्षांची मुदत घालून दिली असल्यामुळे १७ मे २०१९ रोजी संसदेने कायदा केला, बाहेर हजारो लोक भर पावसात छत्र्या धरून उभे असताना. सरकारच्याच पाहणीत २०१८ मध्ये अशा विवाहाच्या बाजूचे लोक सुमारे ३७ टक्के होते. २०२१ मध्ये ते ६० टक्क्यांच्या घरात गेले. समाज तयार नाही, आधी समाज तयार होऊ द्या, असे म्हणणाऱ्यांना मी हे आकडे दाखवते. समाज बऱ्याचदा शेजारच्या दारावर दोन नावांची पाटी पाहून तयार होतो, आणि ती पाटी लागायला आधी कायदा लागतो. अर्थात हा प्रवास एकाच दिशेने चालतो असेही नाही: अमेरिकेत गॅलप या जनमत चाचणी करणाऱ्या संस्थेच्या पाहणीत रिपब्लिकन मतदारांमधला पाठिंबा काही वर्षांपूर्वी ५५ टक्क्यांपर्यंत पोहोचून २०२५ मध्ये ४१ टक्क्यांवर घसरला.

मुलांच्या भवितव्याचा मुद्दा २०१३ मध्ये अशा विवाहाला विरोध करताना पॅरिसच्या रस्त्यांवर लाखो लोकांनी मांडला. त्यावर एवढेच म्हणते की अशा घरांत मुले आधीपासून वाढतच होती. कागदावर दोन्ही पालकांची नावे नसल्याचा त्रास त्या मुलांनाच होत होता.

आता माझ्या ‘पण’विषयी. २६ जून २०१५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा समलिंगी विवाहाच्या बाजूने पाच विरुद्ध चार असा निकाल आला, व्हाइट हाऊसवर इंद्रधनुषी दिवे लागले, आणि आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका काकांनी ‘आता उद्या जनावरांशी लग्न लावतील’ असा विनोद पाठवला. सात-आठ जण हसले. मी मोठ्या शहाणपणाने, काकांना न दुखावता आणि स्वतःला पुरोगामी ठेवून, ‘विवाह हा शब्द तेवढा सोडावा’ असे चार परिच्छेद लिहिले. त्या रात्री माझा मावसभाऊ ग्रुपमधून बाहेर पडला. त्याने नंबर बदलला असेल असे आम्ही समजलो. चार वर्षांनी त्याने मला खरे कारण सांगितले, तेव्हा मी काकांच्या वतीने माफी मागू लागले. तो म्हणाला, “काकांचं काही वाटलं नाही गं, ताई. ते न वाचताच पाठवतात. तू मात्र विचार करून लिहिलं होतंस.”

जानेवारी २०२५ मध्ये थायलंडमध्ये कायदा अमलात आला, तेव्हा ग्रुपवर कुणीतरी सामूहिक विवाहांचे फोटो टाकले. मी मावसभावाला विचारले, “तुला परत ग्रुपमध्ये घेऊ का?” तो म्हणाला, “आधी त्या फोटोंखाली कोण काय म्हणालंय ते पाठव, मग बघतो.”

मी वर जाऊन वाचले. दोन विनोद होते, एका आत्याने टाकलेले बदामाचे चिन्ह होते, एक ‘आमची काही हरकत नाही, पण’ होते, आणि बाकी सगळ्यांनी फोटो पाहून काहीच लिहिले नव्हते. त्या बाकीच्यांत मीही होते.