सहाशे पाने आणि दुकानातली वही : एका प्रतिक्रियेला उत्तर

साहेब, सप्रेम नमस्कार.

माझ्या मागच्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी त्याच रात्री वाचली. उत्तराला बारा दिवस लागले, कारण आपण काढलेल्या दोन मुद्द्यांची दुकानात जाऊन खात्री करून घेतल्याशिवाय लिहिणे मला बरोबर वाटले नाही. ज्यांनी तो लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्ह्याकडच्या एका मोटरदुरुस्ती व ठिबक साहित्याच्या दुकानासाठी मी एआय कोडिंग साधनाकडून एक प्रोग्रॅम लिहून घेतला होता. त्या प्रोग्रॅमने दारव्हा, दिग्रस आणि नेर या तीन तालुक्यांतील गावांची यादी घेऊन प्रत्येक गावामागे दोन, एक मोटरचे आणि एक ठिबकचे, अशी ६०० हून अधिक लँडिंग पाने, म्हणजे गूगलवर शोधणारा माणूस थेट जिथे येऊन पोचतो ती पाने, एका आठवड्यात तयार केली, आणि त्याचे वर्णन मी काहीशा कौतुकानेच केले होते. याच भागात कृषी सहायक म्हणून नोकरी केलेल्या आपण त्यावर लिहिले की आपल्या गावाच्या नावाचे पान उघडले तर तिथे ‘आमची शाखा’ असा उल्लेख आहे आणि गावात तशी शाखा कधीच नव्हती. नाव बदलून तोच मजकूर शेकडो वेळा छापणे ही फसवणूक आहे. या पानांवर फवारणीचा सल्ला देण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला. आणि शेतकऱ्याला मेकॅनिक ओळखीतून मिळतो, त्याला अशा पानांची गरज नसते, तेव्हा हा उद्योग बंद करावा आणि पोरांना शिकवू नये.

यातला गरजेचा आणि त्यावरून निघालेला ‘बंद करा, शिकवू नका’ हा मुद्दा सोडला तर बाकी सगळे मला मान्य करावे लागते.

शाखेचे आधी सांगतो. तो शब्द दुकानदारांनी दिलेला नव्हता आणि मीही लिहिलेला नव्हता. पानाचा साचा करून घेताना मी साधनाला एवढेच सांगितले होते की प्रत्येक पान त्या गावचे वाटले पाहिजे. ‘वाटले पाहिजे’ हे शब्द माझे होते आणि त्याने ते तंतोतंत पाळले. मजकुरात शाखा आली, आणि वाचकाला न दिसणारी पण सर्च इंजिनसाठी पानात ठेवलेली जी संरचित माहिती असते, तिच्यातही प्रत्येक गाव हा दुकानाचा पत्ता म्हणून नोंदला गेला. टिनाच्या एका शेडमध्ये चालणाऱ्या दुकानाला अशा रीतीने शेकडो पत्ते मिळाले. मी दहा-बारा पाने उघडून पाहिली होती, फोन नंबर आणि रंग ठीक दिसले, आणि मजकूर न वाचताच मी पुढे गेलो. इथे साधनाला दोष देऊन मला सुटता येणार नाही.

आपल्या नजरेतून सुटलेली एक गोष्ट मीच सांगतो. गावांची यादी मी २०११ च्या जनगणनेवरून घेतली होती आणि तिच्यात नावापुढे ‘रिठी’ असे लिहिलेली गावेही होती. आपल्याला हे सांगायला नको, पण विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी लिहितो की वस्ती उठून गेलेली, परंतु महसुली दप्तरात नाव आणि शीव शिल्लक असलेली गावे म्हणजे रिठी. तिथे वावरे असतात, विहिरीही असतात, घर मात्र एकही नसते. माझ्या प्रोग्रॅमने अशा गावांसाठीसुद्धा ‘गावकऱ्यांचा विश्वास’ या मथळ्याखाली तीन ओळी छापल्या. ज्या जागी माणूस राहत नाही तिथल्या गावकऱ्यांचा विश्वास आम्ही संपादन केला होता.

सारख्या नावांचा घोळ याहून महाग पडला. वडगाव, पिंपळगाव, सावरगाव ही नावे विदर्भात जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, आणि एकाच तालुक्यात बुद्रुक आणि खुर्द अशी जोडीही सापडते. फेब्रुवारीतल्या एका रात्री दुकानदारांना फोन आला की रात्रपाळीची लाइन आली तशी मोटर जळली, गहू ओंबीवर आहे, माणूस पाठवा. दहा मिनिटे रस्ता समजावून घेण्यात गेली आणि मग कळले की फोन करणारा बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगावातून बोलत आहे. “मंग आमच्या गावाचं नाव कायले टाकलं बाप्पा?” असे तो म्हणाला. दुकानदारांनी हे वाक्य मला जसेच्या तसे ऐकवले. आपण ज्याला फसवणूक म्हणता ती यापेक्षा वेगळी कशी असते, हे मला सांगता आले नाही.

गूगलचे नियमही या बाबतीत आपल्याच बाजूचे आहेत. निरनिराळ्या गावांसाठी वेगवेगळी पाने करून सगळ्यांना शेवटी एकाच ठिकाणी आणून सोडणे, याला तिथे ‘डोअरवे’ म्हणतात आणि अशा पानांविरुद्धची कारवाई २०१५ मध्येच कडक करण्यात आली. ५ मार्च २०२४ रोजी जाहीर झालेल्या धोरणात ‘स्केल्ड कंटेंट अब्यूज’ हा प्रकार आला. त्यात मजकूर यंत्राने लिहिला की माणसाने याला महत्त्व नाही. वाचकाला उपयोग होण्यापेक्षा क्रमवारीत वर येणे हाच मोठ्या संख्येने पाने काढण्याचा मुख्य हेतू असेल, तर तो गैरवापर ठरतो. म्हणून माझ्या लेखाखाली काही मित्रांनी जो बचाव केला, की एआयने लिहिलेले गूगलला चालते, तो अपुरा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये गूगलने एआयच्या मजकुराला सरसकट मनाई नाही असे म्हटले होते हे खरे, पण माझ्या पानांचा दोष ती एआयने लिहिली हा नव्हताच. तीच पाने चार मुलांना बसवून हाताने लिहून घेतली असती तरी तितकीच पोकळ झाली असती.

आणि ती पोकळ आहेत हे यंत्रानेही ओळखले. आपली पाने शोधात कशी दिसतात हे गूगल ज्या सर्च कन्सोलमध्ये दाखवते, तिथे बहुतेक पाने ‘क्रॉल केले, सध्या इंडेक्स केलेले नाही’ या रकान्यात जाऊन पडली, म्हणजे गूगलने ती वाचली पण शोधाच्या यादीत घेतली नाहीत. साइटमॅपच्या, म्हणजे गूगलला द्यायच्या पानांच्या यादीच्या, एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते बसतात, त्यामुळे सहाशे हा आकडा सुरुवातीला मला किरकोळच वाटला होता, हेही कबूल करतो.

पाने काढून टाकतानाही एक चूक झाली आणि ती असे काम करणाऱ्यांच्या उपयोगाची आहे. आपली प्रतिक्रिया आल्यावर मी साधनाला सांगितले की ही पाने शोधात दिसू देऊ नकोस. त्याने प्रत्येक पानावर नोइंडेक्सची, म्हणजे हे पान शोधात घेऊ नका अशी, सूचना घातली आणि शिवाय सर्च इंजिनने कोणती पाने उघडावीत हे सांगणाऱ्या रोबोट्स फाइलमध्ये त्या सगळ्या पत्त्यांना प्रवेशबंदीही केली. दोन कुलपे लावली म्हणून मी निश्चिंत झालो. प्रत्यक्षात दुसऱ्या कुलपामुळे पहिले निकामी झाले होते, कारण गूगलच्या यंत्राला पान उघडायलाच मनाई केली तर आतली नोइंडेक्सची सूचना ते वाचणार कसे? आधीच इंडेक्समध्ये गेलेली पाने म्हणून तिथेच राहिली. आता प्रवेशबंदी काढली आहे आणि नको असलेल्या पानांचे पत्ते ४१० हे उत्तर देतात, म्हणजे हे पान कायमचे गेले.

फवारणीच्या बाबतीत मी बचावाचा एक शब्दही लिहिणार नाही. ठिबकच्या पानांवर मजकूर कमी पडत होता, आणि तो वाढवण्यासाठी पऱ्हाटीवरच्या बोंडअळीबद्दल एक परिच्छेद साधनाकडून आला. त्यात दोन औषधे मिसळण्याचा सल्ला होता. कोणती आणि किती, हे मी येथे मुद्दाम लिहीत नाही. २०१७ च्या हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या काळात आपण नोकरीत होतात, म्हणून आपल्या प्रतिक्रियेतला तो परिच्छेद इतका तिखट का आहे हे मला समजते. तो मजकूर मी आपली प्रतिक्रिया वाचली त्याच रात्री सर्व पानांवरून काढला. औषधांच्या शिफारशी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने आणि कृषी विभागाने द्यायच्या आहेत. मोटर दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या पानावर त्यांची जागा नाही.

हे सगळे झाले कशामुळे, याचा विचार करताना मला माझेच दरपत्रक आठवले. दुकानदारांना मी पानामागे दर सांगितला होता. पूर्वी एक पान करायला अर्धा दिवस लागे, तेव्हा तो दर आपोआप संख्येला आवर घालत असे. साधन आल्यावर पुढचे पान मला जवळपास फुकट पडू लागले, दर मात्र तोच राहिला. मग सहाशे का, याचे उत्तर गावांच्या गरजेत शोधण्यात अर्थ नाही. ते माझ्या बिलात होते. बिलातली जास्तीची रक्कम मी परत केली आहे आणि पानामागे दर लावणे बंद केले आहे.

आता जिथे मी आपल्याशी सहमत नाही तिथे येतो. ओळखीतून मेकॅनिक मिळतो हे ज्याची हयात गावात गेली त्याच्यासाठी खरे आहे. पण दुकानात बसून मी आठवडाभर फोन ऐकले तेव्हा वेगळीच माणसे दिसली. कोणी दुसऱ्या तालुक्यातून येऊन मक्त्याने वावर केलेला होता. कोणी पुण्यात नोकरीला होता आणि एकट्या बापाच्या विहिरीवरची मोटर बंद पडली म्हणून तिथून मोबाइलवर शोधत होता. अशा माणसाला हा मेकॅनिक माझ्या गावात येतो का, आणि माझ्यासारखी मोटर त्याने आधी उघडली आहे का, एवढेच जाणून घ्यायचे असते. आपण सुचवलेला गूगलच्या नकाशावरचा एक पत्ता जरूर ठेवावा, तो आम्ही ठेवलाच आहे; परंतु तिथे सेवाक्षेत्र म्हणून जास्तीत जास्त २० ठिकाणे देता येतात आणि दुकानाची फिरस्ती त्याहून बरीच मोठी आहे.

या प्रश्नाचे उत्तर दुकानात आधीपासून होते आणि मी ते पाहिलेच नव्हते. गल्ल्याखाली पुठ्ठ्याच्या बांधणीचे एक लांब रजिस्टर असते, ग्रीसच्या बोटांनी काळे पडलेले. त्यात प्रत्येक कामाची तारीख, गाव, मोटर किती एचपीची, विहीर की बोअर, आणि काय बिघडले याची एक ओळ असते. ‘दोन फेजवर चालली, वायंडिंग जळाले.’ ‘बेअरिंग गेले.’ अरुणावतीच्या काठच्या गावांपुढे पुन्हा पुन्हा ‘फुटवॉल गाळाने चोक’, म्हणजे पाइपच्या पाण्यातल्या टोकाची झडप तुंबली, असे आहे. मी शोधात पहिल्या पानावर यावे म्हणून साधनाकडून ‘विश्वासार्ह सबमर्सिबल पंप दुरुस्ती सेवा प्रदाता’ असले मराठी लिहून घेत होतो, आणि शेतकरी शोधताना लिहितो ‘मोटर जळली’, तेही बहुधा रोमन अक्षरांत. त्याची भाषा रजिस्टरमध्ये होती.

दुकानदारांच्या मुलीने गेल्या तीन वर्षांच्या नोंदी मोबाइलवर तक्त्यात उतरवल्या. एआय साधन आता मजकूर लिहीत नाही, फक्त प्रोग्रॅम लिहिते, आणि त्या कामात ते खरोखर तरबेज आहे. एकाच गावाचे नाव तीन प्रकारे लिहिलेले असेल तर ते जुळवून जनगणनेचा सांकेतिक क्रमांक लावणे, रिठी गावे बाजूला काढणे, नोंदींवरून पान रचणे ही कामे त्याने दोन संध्याकाळींत केली. रिठीतल्या विहिरीचे काम मालक ज्या गावात राहतो त्या गावाकडे धरले जाते. आम्ही दोन अटी प्रोग्रॅममध्येच घातल्या आहेत. रजिस्टरमध्ये ज्या गावाच्या तीनपेक्षा कमी नोंदी आहेत त्याचे पान तयारच होत नाही. आणि तयार झालेल्या कोणत्याही दोन पानांतून गावाचे नाव वगळून उरलेला मजकूर ताडून पाहिला जातो. तो फारच सारखा निघाला तर प्रोग्रॅम थांबतो आणि माणसाला विचारतो. तीनच का, असे विचाराल तर त्याला शास्त्र नाही. दुकानदार म्हणाले की एकदा कोणीही बोलावतो, दोनदा योगायोग असू शकतो.

सहाशेपैकी ७४ पाने उरली आहेत. त्यांवर शाखा नाही, पत्ता एकच आहे आणि मेकॅनिक कोणत्या वारी त्या बाजूला जातो तेही लिहिले आहे.

पोरांना शिकवण्याबद्दल. जुना लेख मी काढून टाकणार नाही, कारण ‘एका रात्रीत हजार पाने’ असे सांगून पैसे घेणारे आता तालुक्याच्या गावीही आहेत, आणि त्यांच्या गिऱ्हाइकाला पुढे काय होते हे कुठेतरी वाचायला मिळाले पाहिजे. त्यातला तयार प्रोग्रॅम मात्र मी काढला आहे आणि वरती आपल्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून हे उत्तर जोडले आहे.

एक काम आपल्याकडे राहते. आपल्या गावाचे जुने पान गेले आहे. रजिस्टरमध्ये त्या नावाच्या चार नोंदी आहेत, पण बुद्रुक की खुर्द हे एकीपुढेही लिहिलेले नाही. दुकानदारांना दोन खुर्दच्या असल्याचे पक्के आठवते, उरलेल्या दोन बाबतीत ते सांगू शकत नाहीत. एका नोंदीत ‘मारुतीच्या देवळामागची विहीर, पाच एचपी’ असे आहे. ते देऊळ कोणत्या गावात येते, एवढे आपण कळवावे.