ब्रॉयगेलच्या सात पापांत गुप्त संदेश नाहीत

सोळाव्या शतकातला फ्लेमिश चित्रकार पीटर ब्रॉयगेल याने ख्रिस्ती धर्मातल्या सात पापांची चित्रमालिका स्वतःच्या हाताने तांब्यावर कोरली आणि चर्चच्या नजरेतून निसटावी म्हणून प्राण्यांच्या रूपात गुप्त संदेश दडवले, असा मजकूर सर्रास फिरतो. त्यात दिलेले प्रकाशनाचे साल, १५५८, तेवढे बरोबर आहे.

"स्वतः कोरली." नाही. ब्रॉयगेलने १५५६-५७ मध्ये पेनाने रेखाटने केली. तांब्याचे पत्रे कोरले पीटर व्हान डर हेडन या कोरीवकाराने, आणि त्यांवरून कागदावर छापलेली चित्रे, म्हणजे ठसे, विकले अँटवर्पचा प्रकाशक हिरोनिमस कॉक याने. ब्रॉयगेलच्या हातचा म्हणून एकच ठसा मानला जातो, १५६०चा सशाच्या शिकारीचा, आणि तोही एचिंग आहे. एचिंगमध्ये पत्र्यावरच्या मेणाच्या थरात सुईने रेघ ओढायची, तांबे आम्ल खाते. चित्रकाराला हे लवकर साधते. सात पापांचे पत्रे ज्या एनग्रेव्हिंगने कोरले, ते वेगळेच कसब आहे. ब्युरिन ही टोकदार कोरणी तळव्याने पुढे रेटायची आणि वळण आले की हाताऐवजी पत्रा फिरवायचा. जितके खोल रेटाल तितकी रेघ जाड. चरीच्या कडेला उठलेली तांब्याची धार खरवडली नाही तर तिच्यात शाई अडकते आणि रेघ मळकट उमटते. शिवाय ठसा आरशातल्यासारखा उलटा येतो. त्यामुळे डाव्याउजव्या हातावरून अर्थ काढण्याआधी समोर रेखाटन आहे की ठसा, हे पाहावेच लागते.

"गुप्त संदेश." प्रत्येक पापाचे लॅटिन नाव चित्रातच कोरलेले आहे, खाली लॅटिन आणि डच ओळीही आहेत. गर्वाच्या चित्राखालची ओळ सांगते की गर्विष्ठ माणसे देवांवर प्रेम करीत नाहीत आणि देवही त्यांच्यावर करीत नाहीत. गर्वाचा मोर, लोभाचा बेडूक, वासनेचा कोंबडा, खादाडपणाचे डुक्कर, क्रोधाचे अस्वल, आळसाचे गाढव: ही प्रतीके त्या काळच्या लोकांच्या ओळखीची होती. मत्सराशेजारची टर्की मात्र नवी, कारण हा पक्षी अमेरिकेतून युरोपात येऊन फार वर्षे झाली नव्हती. भोवतालच्या गर्दीतल्या काही आकृतींबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण त्यातून सांकेतिक लिपी सिद्ध होत नाही.

"डोक्यावर घड्याळ घेतलेला संयम म्हणजे सद्गुणांची टर." संयम ही ब्रॉयगेलच्या सद्गुणांच्या चित्रमालिकेतली स्त्रीरूपातली आकृती. १५६०च्या या चित्रातला तिचा साज ब्रॉयगेलच्या कल्पनेतला नाहीच, पंधराव्या शतकातल्या फ्रेंच हस्तलिखितांत तो आधीच दिसतो. घड्याळ म्हणजे मोजूनमापून जगणे, तोंडातला लगाम जिभेसाठी, हातातला चष्मा नीट पारखण्यासाठी. पायाखाली पवनचक्कीचे पाते आहे. ती नेमाने फिरली तरच दळण होते.